झोन आला, पुढे काय?

मुलुंडच्या मिठागरांत मीठ पिकायचे हे मुंबईकरांना ठाऊक असते. तिथल्या मातीतून एक प्रतिजैविकही निघाले, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. हेक्स्ट कंपनीचे संशोधन केंद्र मुलुंडलाच होते. तिथल्या शास्त्रज्ञांनी मिठागराच्या मातीतून बॅसिलस गटातला एक जिवाणू वेगळा केला आणि त्याने बनवलेल्या ‘मर्सासिडिन’ची माहिती 1992 मध्ये प्रसिद्ध केली. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर ते चालत होते. त्याच्याही बरीच वर्षे आधी, 1954 मध्ये पिंपरीत सुरू झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधले होते. ते बनवणाऱ्या जिवाणूला त्यांनी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव दिले. पिकांवरच्या बुरशीसाठी वापरले गेलेले ऑरिओफंगिनही याच प्रयोगशाळेतले.

म्हणजे ही परंपरा आपल्याकडे नवी नाही, आणि तिचा धागा अजून तुटलेलाही नाही. मायक्रोबायोलॉजीचे एम.एस्सी.चे विद्यार्थी आजही शेतातली, खाडीकाठची, कंपोस्टच्या खड्ड्यातली माती आणतात, प्लेटवर पसरतात, एखाद्या कॉलनीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसले की ‘झोन आला’ म्हणून खूश होतात. मग त्या झोनचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून तक्ता भरला जातो, आणि बहुतेक प्रोजेक्ट तिथेच संपतात. खरे काम तिथून सुरू होते. नवे संयुग शोधू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी कुठे वेळ घालवावा, कुठे वाचवावा, याचा हा आराखडा आहे.

आधी थोडे आकडे, कारण ते पाहिल्याशिवाय बाकीचा सल्ला पटत नाही. प्रतिजैविकांच्या शोधात आयुष्य घालवलेले अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड बाल्ट्झ यांच्या अंदाजानुसार मातीतल्या दर 100 ॲक्टिनोमायसीट जिवाणूंपैकी सुमारे 10 स्ट्रेप्टोथ्रिसिन बनवतात आणि एखादा स्ट्रेप्टोमायसिन. एरिथ्रोमायसिन बनवणारा जिवाणू 10 लाखांत एक असतो. 2003 मध्ये बाजारात आलेल्या डॅप्टोमायसिनसाठी हे प्रमाण त्याहूनही विरळ आहे. याचा अर्थ सरळ आहे. पन्नास-शंभर जिवाणू तपासले तर झोन नक्की मिळेल, आणि तो झोन बहुतेक वेळा 1940च्या दशकातच सापडलेल्या संयुगाचा असेल. सेलमन वॅक्समन आणि त्यांचा विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ यांनी 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन मिळवले तेव्हा मैदान मोकळे होते. आता ते तसे नाही. म्हणून आजच्या शोधकाला दोन गोष्टी साधाव्या लागतात. इतरांनी न वाढवलेले जिवाणू वाढवायचे, आणि हाती आलेले संयुग जुने असेल तर ते शक्य तितक्या लवकर ओळखून बाजूला ठेवायचे.

नमुना कुठला घ्यावा, या प्रश्नावर विद्यार्थी फार अडतात. दूरची, दुर्मीळ, नकाशावर शोधावी लागणारी जागा म्हणजे नवे संयुग असा एक समज आहे. त्याला इतिहासात आधारही सापडतो. रापामायसिन ईस्टर बेटाच्या मातीतले, सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या हार्डांगरविडा पठारावरचे. पण सातोशी ओमुरा यांना एव्हरमेक्टिन बनवणारा जिवाणू जपानमधल्या इतो शहरातल्या गोल्फ मैदानाजवळच्या मातीत मिळाला, आणि त्या कामासाठी 2015 चे नोबेल मिळाले. जुझेप्पे ब्रोत्झू यांनी सेफॅलोस्पोरिन बनवणारी बुरशी 1945 मध्ये सार्डिनियातल्या काल्यारी शहराचे सांडपाणी जिथे समुद्राला मिळते तिथून घेतली. 2025 मध्ये जाहीर झालेले ‘लॅरिओसिडिन’ कॅनडातल्या हॅमिल्टन शहरातल्या एका परसातल्या मातीतून आले. तेव्हा लोणारला जाण्याचा हट्ट सोडायला हरकत नाही. लोणार हे अभयारण्य आहे आणि 2020 पासून रामसर स्थळही. वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथून चमचाभर चिखलही उचलता येत नाही. कॉलेजच्या आवारातले वारूळ किंवा जुन्या वडाच्या मुळाशी असलेली माती, गांडूळखताचा ढीग, खारफुटीच्या कडेची खासगी शेतजमीन (मालकाला विचारून) यांवर काम भरपूर होते.

जागेपेक्षा नोंद महत्त्वाची. वरचा पालापाचोळा बाजूला करून 5 ते 10 सेंटिमीटर खोलीवरची माती निर्जंतुक चमच्याने निर्जंतुक पिशवीत घ्यावी. पिशवीवर तारीख, मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, खोली, मातीचा सामू, आसपासची झाडे किंवा पीक हे तिथेच उभे राहून लिहावे. ‘सँपल 1, सँपल 2’ एवढेच लिहिलेल्या पिशव्या सहा महिन्यांनी निरुपयोगी ठरतात. त्या जिवाणूकडे पुन्हा जायची वेळ आली तर जाणार कुठे?

प्रयोगशाळेत आल्यावर घाई नडते. ताजी माती थेट पोषक अगारवर पसरली तर चोवीस तासांत बॅसिलस आणि स्यूडोमोनाससारखे भराभर वाढणारे जिवाणू सगळी प्लेट व्यापतात आणि सावकाश वाढणाऱ्यांना जागाच उरत नाही. त्यामुळे माती आठवडाभर सावलीत वाळू द्यावी. नंतर तिचा थोडा भाग 100 ते 120 अंशांच्या कोरड्या उष्णतेत तासभर ठेवावा. ॲक्टिनोमायसीट्सचे बीजाणू ही उष्णता बऱ्याच प्रमाणात सोसतात, इतर बरेच जिवाणू मरतात. माध्यम भुकेले असावे. स्टार्च-केसीन अगार किंवा ह्युमिक आम्ल घातलेले अगार चांगले. बुरशी रोखण्यासाठी नायस्टॅटिन किंवा सायक्लोहेक्सिमाइड, आणि ग्रॅम-ऋण जिवाणू रोखण्यासाठी नॅलिडिक्सिक आम्ल वापरतात. सायक्लोहेक्सिमाइड माणसालाही विषारी आहे, तेव्हा ते हातमोजे घालूनच वजन करावे. प्लेटा 28 अंशांवर ठेवाव्यात आणि त्या सुकू नयेत म्हणून झाकणाभोवती पट्टी लावावी.

मग थांबावे. आठवड्याच्या आत प्लेटा फेकून देणे ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे. पहिल्या आठवड्यात दिसणाऱ्या कॉलन्या बहुधा ओळखीच्या असतात; तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात टाचणीच्या टोकाएवढ्या, अगारला घट्ट चिकटलेल्या, खडूसारखी भुकटी धरलेल्या कॉलन्या दिसू लागतात. पहिल्या पावसाचा मातीचा वास त्यांना येतो. तो वास जिओस्मिनचा, आणि जिओस्मिन हेही या जिवाणूंनीच बनवलेले संयुग. लॅरिओसिडिनच्या शोधात कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटाने मातीतले जिवाणू जवळपास वर्षभर वाढू दिले होते. सहा महिन्यांच्या प्रोजेक्टमध्ये एवढी चैन परवडत नाही, पण प्लेटांचा एक संच तीन महिने बाजूला ठेवण्याला खर्च येत नाही.

मातीत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या जिवाणूंपैकी नेहमीच्या माध्यमावर वाढणारे साधारण एक टक्का असतात. उरलेल्यांसाठी अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात स्लावा एप्स्टाइन आणि किम लुईस यांच्या गटांनी एक साधी युक्ती केली. शेकडो बारीक छिद्रांच्या पट्टीत प्रत्येक छिद्रात सरासरी एक पेशी येईल इतके पातळ केलेले द्रावण भरायचे, दोन्ही बाजूंना पाझरणारा पातळ पडदा लावायचा आणि ती पट्टी पुन्हा त्याच मातीत पुरायची. या ‘आयचिप’मधून मिळालेल्या एका जिवाणूने ‘टेक्सोबॅक्टिन’ दिले. 2015 मध्ये ते जाहीर झाले. आपल्या कॉलेजात आयचिप नसली तरी तिच्यामागचा विचार उचलता येतो. त्याच मातीचा अर्क गाळून, निर्जंतुक करून माध्यमात मिसळावा, पोषकद्रव्ये दहापट पातळ करावीत आणि वाट पाहावी.

आता झोनची गोष्ट. कॉलनीभोवती वर्तुळ दिसले म्हणजे प्रतिजैविक मिळाले असे नसते. जिवाणूने नुसते आम्ल सोडले असेल, हायड्रोजन पेरॉक्साइड बनवले असेल, पेशीभित्तिका विरघळवणारे एखादे विकर असेल, नाहीतर त्या जागी जिवाणूभक्षक विषाणू म्हणजे फाज वाढला असेल. हे सगळे खोटे झोन एका आठवड्यात गाळता येतात. द्रावणाचा सामू 7 वर आणून पुन्हा तपासावे. आम्लाचा झोन नाहीसा होतो. कॅटलेज घालून पाहावे. पेरॉक्साइडचा झोन जातो. प्रोटिनेज वापरावे, उकळून पाहावे. झोनमधले थोडे द्रावण पातळ करत करत नव्या प्लेटवर टाकले आणि सुट्या-सुट्या गोल खिडक्या दिसल्या, तर तो फाज आहे. ज्या माध्यमात जिवाणू वाढवला त्याच माध्यमाचा, जिवाणू न घातलेला अर्कही प्रत्येक वेळी सोबत तपासला पाहिजे. अर्क ज्या द्रावकात विरघळवला तो द्रावक एकटाही तपासावा. परीक्षक या दोन नियंत्रण प्रयोगांबद्दल विचारतात तेव्हा किती विद्यार्थी गप्प होतात, हे शिक्षकांना सांगायला नको.

कशावर तपासायचे याचाही विचार हवा. औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत आणून वाढवणे हा धाडसीपणा नव्हे, बेजबाबदारपणा आहे. प्रा. जो हॅन्डल्समन यांनी सुरू केलेल्या ‘टायनी अर्थ’ या उपक्रमात अनेक देशांतले पदवीचे विद्यार्थी आपापल्या आवारातल्या मातीतून प्रतिजैविके शोधतात. तिथे घातक जंतूंऐवजी त्यांचे निरुपद्रवी किंवा कमी धोक्याचे नातेवाईक वापरतात, जसे ॲसिनेटोबॅक्टर बेली, स्यूडोमोनास प्युटिडा, बॅसिलस सबटिलिस. तीच शिस्त आपल्याकडेही पाळता येते.

आणि मारणे हाच एकमेव निकष का असावा? अकिरा एन्डो यांनी जपानच्या सांक्यो कंपनीत सुमारे 6000 बुरशी तपासल्या. त्यांना कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या विकराला अडवणारे संयुग हवे होते, म्हणून त्यांची चाचणी त्या विकरावरच बेतलेली होती. आधी त्यांच्या हाती सिट्रिनिन लागले, पण ते मूत्रपिंडाला विषारी निघाले. मग 1973 मध्ये क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर आलेल्या निळसर पेनिसिलियम बुरशीतून कॉम्पॅक्टिन मिळाले, आणि त्यातून पुढे स्टॅटिन औषधांचे दार उघडले. आपली चाचणी काय विचारते तेवढेच उत्तर सूक्ष्मजीव देतो. शेती महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने डाळिंबावरच्या तेल्याच्या जिवाणूवर किंवा कांद्यावरच्या करप्याच्या बुरशीवर चाचणी बेतली, तर त्याला मुंबईच्या औषध कंपनीशी स्पर्धा करावी लागणार नाही, आणि नवेपणाची शक्यताही वाढेल. माझे मत विचाराल तर महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी ही वाट सर्वांत कमी तुडवलेली आहे.

एक जिवाणू एका माध्यमात गप्प असला म्हणून त्याला टाकून देऊ नये. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच 2002 मध्ये वाचला गेला तेव्हा त्याच्यात संयुगे बनवणारे 20 हून अधिक जनुकगट निघाले. तोवर या जिवाणूची त्यातली मोजकीच संयुगे माहीत होती. बाकीचे गट प्रयोगशाळेत झोपलेले असतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ॲक्सेल झीक यांच्या गटाने दाखवून दिले की तोच जिवाणू माध्यम, तापमान, हवा बदलून वाढवला तर वेगवेगळी संयुगे देतो. म्हणून निवडक पाच-सहा जिवाणू किमान चार माध्यमांत वाढवावेत, त्यांतले एक सोयाबीनच्या पिठाचे आणि एक घन असावे. दुसऱ्या जिवाणूच्या शेजारी वाढवून पाहणेही फायद्याचे असते.

यानंतरची पायरी सर्वांत कमी शिकवली जाते, आणि शोध इथेच टिकतो किंवा संपतो. जाणकार तिला ‘डिरेप्लिकेशन’ म्हणतात. साध्या भाषेत, हे आधीच सापडलेले आहे का, ते तपासणे. वाढलेल्या द्रावणात तितकेच इथाइल ॲसिटेट घालून ढवळावे, वरचा थर फ्यूम हुडमध्ये सुकवावा आणि उरलेला अर्क तपासावा. पहिला संकेत अतिनील वर्णपटातच मिळू शकतो. हॅमायसिनच्या कुळातली पॉलिईन बुरशीनाशके 360, 380 आणि 405 नॅनोमीटरच्या आसपास तीन शिखरे दाखवतात. तुमच्या बुरशीनाशक अर्कात ही तिन्ही शिखरे एका ओळीत उभी राहिली, तर पॉलिईन हाती लागले आहे असे समजून पुढचा पैसा वाचवावा. हे काम विभागातल्या साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर अर्ध्या तासात होते.

त्यापुढे द्रव्यमान मोजावे लागते. एलसी-एमएस यंत्र कॉलेजात नसते, पण ते नसल्याची सबब आता चालत नाही. आयआयटी मुंबईतल्या ‘सैफ’सारख्या केंद्रांत बाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क भरून नमुने तपासून मिळतात. मिळालेली माहिती ‘जीएनपीएस’ या विनामूल्य संगणकीय व्यासपीठावर टाकली की ती जगभरच्या नोंदींशी जुळवून पाहता येते. एकमेकांसारखी संयुगे जाळ्यासारखी एकत्र दिसतात. ज्या अर्कातले एकही द्रव्यमान जुन्या नोंदींत सापडत नाही, तो फडताळात वर ठेवावा. जिवाणूची ओळख 16एस जनुकाच्या क्रमावरून करावी. ज्ञात प्रजातीशी साम्य 98.7 टक्क्यांच्या खाली असेल तर प्रजाती नवी असण्याची शक्यता असते, आणि नव्या प्रजातीत नवे संयुग असण्याची आशाही. संपूर्ण जनुकसंच वाचून घेता आला तर ‘अँटीस्मॅश’ हे मोफत साधन त्यातले संयुगे बनवणारे गट दाखवते आणि माहीत असलेल्या गटांशी त्यांची तुलना करते. लॅपटॉप आणि इंटरनेट असलेला विद्यार्थी हे घरी बसून करू शकतो. शेवटची पायरी, म्हणजे एनएमआरवरून रचना उलगडणे, हे मात्र रसायनशास्त्राच्या गटाशी हातमिळवणी करूनच करावे. त्यासाठी शुद्ध संयुग काही मिलिग्रॅम तरी लागते आणि तेवढे मिळवायला बऱ्याचदा अनेक लिटर द्रावण वाढवावे लागते.

जिवाणू जपून ठेवण्याच्या बाबतीत आपल्याकडे कमालीची ढिलाई आहे. स्ट्रेप्टोमायसिस वारंवार नव्या माध्यमावर घेत राहिले की त्यांच्या गुणसूत्राची टोके तुटतात, कधी पांढरी भुकटी धरणे बंद होते, कधी संयुग बनवणेच थांबते. म्हणून शुद्ध कॉलनी मिळाल्याच्याच आठवड्यात 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये तिच्या किमान चार कुप्या गोठवाव्यात. याची किंमत सुरेन सेहगल यांना ठाऊक होती. अविभाजित पंजाबात जन्मलेले हे शास्त्रज्ञ माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत ईस्टर बेटाच्या मातीतल्या रापामायसिनवर काम करत होते. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने ती प्रयोगशाळा बंद केली आणि काम थांबले. सेहगल यांनी त्या जिवाणूच्या कुप्या घरच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. पुढे काम पुन्हा सुरू झाले, आणि 1999 मध्ये अमेरिकेत रापामायसिनला मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरच्या वापरासाठी मान्यता मिळाली. घरच्या फ्रीजरचा सल्ला मात्र कुणी घेऊ नये. जैवसुरक्षेच्या दृष्टीने तो चुकीचाच आहे.

कायद्याचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण तो आधीच वाचलेला बरा. जैवविविधता कायदा 2002 चा आहे आणि 2023 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. मातीतला जिवाणू हेही त्याच्या दृष्टीने जैविक संसाधन आहे. परदेशातल्या सहकाऱ्याला जिवाणू पाठवायचा असेल किंवा पेटंट घ्यायचे असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया पूर्ण करावी लागते. महाराष्ट्राच्या जैवविविधता मंडळाचे कार्यालय नागपुरात आहे. पेटंटचा विचार असेल तर परिषदेत पोस्टर लावण्याआधी अर्ज करावा. आधी जाहीर केलेल्या गोष्टीचे नावीन्य पुढे सहसा सिद्ध करता येत नाही.

सहा महिन्यांत नवे संयुग हाती येईल अशी अपेक्षा धरू नये, आणि गाईडनेही ती दाखवू नये. नीट नोंदवलेल्या जागेचे वीस-तीस शुद्ध जिवाणू, त्यांतले खोटे झोन गाळलेले चार-पाच, आणि त्यांच्यापैकी किती जुनी संयुगे बनवतात याचा पुरावा, एवढे झाले तर तो प्रोजेक्ट उत्तम. ‘आमचा अर्क स्ट्रेप्टोथ्रिसिनचा निघाला’ असे प्रबंधात लिहिण्यात कमीपणा नाही. व्यासाचे तक्ते छापण्यापेक्षा ते जास्त उपयोगी आहे.

आणि प्रोजेक्ट संपताना जिवाणू फेकू नयेत. पुण्यात त्यांच्यासाठी दोन मोठी घरे आहेत: राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह ‘एनसीआयएम’, आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र ‘एनसीएमआर’. नव्या प्रजातीचे नाव अधिकृत व्हायचे असेल तर तो जिवाणू दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावाच लागतो. पण तेवढे नवे नसले तरी निवडक चार-पाच जिवाणू त्यांच्या पूर्ण नोंदींसह तिथे जमा करण्याची विचारणा करावी. पुढच्या तुकडीला पुन्हा त्याच मातीपासून सुरुवात करावी लागू नये.